मिटलेले ठिपके

१

"पहिली प्रत कुणाची नसते. ती मागच्या खोलीत ठेवायची, दार ओढून घ्यायचं, आणि का म्हणून विचारायचं नाही."

ब्रेल छापखान्यातल्या पहिल्याच दिवशी शालिग्रामकाकांनी चंचलला हे सांगितलं. तेही चहाचा कप हातात देता देता, पाण्याचा माठ कुठे आहे ते सांगावं तसं. चंचलने कप घेतला आणि विचारलं, "का?"

काकांनी चष्म्याच्या वरून तिच्याकडे पाहिलं. "आत्ता काय सांगितलं मी?"

"विचारायचं नाही, ते ऐकलं. पण का?"

कोपऱ्यात पुस्तकांना स्पायरल घालत बसलेल्या पुष्पाबाई फिसकन हसल्या. "शिकेल पोर शे भाऊ. ती इचारीच."

छापखाना म्हणजे सुरतेच्या पांडेसऱ्यातल्या एका डाइंग मिलच्या डोक्यावरचा मजला. खाली कपडा रंगायचा, वर कागदावर ठिपके उठायचे. बॉयलरच्या धडधडीने फरशी दिवसभर बारीक थरथरायची. जिन्यात वाफेचा आणि रंगाचा असा उग्र वास कोंडलेला असायचा की नव्या माणसाचं डोकं उठावं. सुरतेत मराठी शाळांत शिकणारी, डोळ्यांनी न दिसणारी मुलं होती. कुणी खानदेशातून आलेल्यांची, कुणी विदर्भ-मराठवाड्यातून आलेल्यांची. त्यांची पुस्तकं इथे व्हायची. हातात मावेल एवढं पाठ्यपुस्तक ब्रेलमध्ये आलं की त्याचे चार-पाच जाडजूड भाग होतात, आणि ते उचलायलाच एक माणूस लागतो.

माणसं होती मोजकी. शालिग्रामकाका व्यवस्थापक. पुष्पाबाई बांधणीला. आणि हिलालआप्पा तपासणीला. आप्पांना जन्मापासून दिसत नव्हतं. मशीनमधून निघालेली पहिली प्रत ते बोटांनी, मोठ्याने वाचत जायचे. चंचल समोर मूळ पुस्तक धरून ऐकायची. चूक सापडली की आप्पा टोच्याने तिथल्या तिथे ठिपका दुरुस्त करायचे आणि चंचल कंप्युटरमध्ये. मग बाकीच्या प्रती निघायच्या. आयुष्यभर पाठ्यपुस्तकं वाचून आप्पांची बोलीही पाठ्यपुस्तकासारखी झाली होती. भूक लागली तरी ते "आता भोजनाची वेळ झाली असावी" म्हणायचे.

तपासलेली प्रत, म्हणजे दुरुस्त्यांची प्रत. ती मुलांना द्यायची नाही, नमुना म्हणून जपायची. असंच काहीतरी असणार, असं चंचलने स्वतःच ठरवून टाकलं. मग तसं सरळ सांगायला काय जातं यांचं? पण म्हाताऱ्यांची हीच रीत. साध्या गोष्टीवर पदर घालायचा आणि वर आपणच भ्यायचं.

तिने प्रती नेऊन ठेवल्या. दार ओढलं. दर वेळी मनात चडफडली, पण ओढलं.

२

विज्ञानाच्या पुस्तकातला एक परिच्छेद गळल्याची तक्रार एका शाळेतून आली, तेव्हा ती पहिल्यांदा काहीतरी शोधायला म्हणून त्या खोलीत गेली. काका बँकेत गेले होते.

खोलीला खिडकी नव्हती, दिवाही नव्हता. तिन्ही भिंतींना लाकडी मांडण्या, त्यांत पुस्तकं उभी. मधे एक जुनं टेबल. बाहेर सगळ्या वस्तूंवर मिलच्या काजळीचा थर बसायचा. सकाळी पुसलेला कीबोर्ड दुपारी काळा व्हायचा. इथल्या टेबलावर मात्र धूळ नव्हती. चंचलला हे चांगलंच वाटलं. पुष्पाबाई झाडत असतील.

विज्ञानाचा भाग काढून तिने दाराच्या उजेडात तिरपा धरला. ब्रेल डोळ्यांनी वाचायची तीच युक्ती. उजेड बाजूने पडला की प्रत्येक ठिपक्याला सावली येते. या पानाला सावली नव्हती. तिने बोट फिरवलं. कागद गुळगुळीत होता. ठिपके होते, पण दबलेले. शाळेतल्या वाचनालयात पिढ्यान् पिढ्या फिरलेलं पुस्तक असतं ना, तसे.

हे पुस्तक तिनेच दिवाळीनंतर इथे आणून ठेवलं होतं.

तिने डोकं चालवलं. दमट हवा. खालची वाफ. वजन. ब्रेलचा कागद दाबाखाली मिटतो, म्हणून तर तो आडवा रचत नाहीत. पण इथेही सगळी पुस्तकं उभीच होती. बरं, दमटपणाच धरू. तिने पुन्हा पान तिरपं केलं आणि तिच्या लक्षात आलं, की पानाच्या कोपऱ्यातले आकडे टोकदार आहेत. अगदी मशीनमधून आत्ता निघाल्यासारखे. प्रत्येक पानावर मजकूर मिटलेला आणि पानाचा आकडा शाबूत.

वाफ पानाचे आकडे सोडून देत नाही. वाचणारा माणूस पानाचे आकडे सोडून देतो.

तिने दुसरं पुस्तक काढलं, तिसरं काढलं. भूगोलात नद्यांचा धडा जास्त घासलेला होता. एका कवितेच्या दोन ओळी तर पार सपाट झाल्या होत्या, कागदाला चकाकी आली होती.

"तठे काय करी ऱ्हायनी व माय?"

पुष्पाबाई दारात उभ्या होत्या. उंबऱ्याच्या बाहेर, पाऊल मागे घेऊन.

"बाई, इथे झाडता तुम्ही?"

"मी?" पुष्पाबाईंनी नुसती मान हलवली. "मी नही जास तठे. कोणीच नही जास. निंघ बाहेर."

३

आप्पांना तिने त्याच दुपारी विचारलं. आडवळणाने विचारणं तिला जमत नव्हतं.

"आप्पा, आतली पुस्तकं कोण वाचतं?"

आप्पांचं बोट ओळीच्या मधेच थांबलं. "तुला ही बाब कोणी सांगितली?"

"बोटाने सांगितली."

त्यांनी टोचा खाली ठेवला. मग हलक्या आवाजात म्हणाले, "बडे सर होते तेव्हाची गोष्ट. त्यांनीच हा छापखाना काढला. एका वर्षी मुलांना प्रती कमी पडल्या, म्हणून आम्ही पहिली प्रत वाटून टाकली. आत काही ठेवलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मी कागदावर हात ठेवला आणि मला काहीच लागलं नाही. कागद नाही, टेबल नाही. बोटं आंधळी झाली होती, चंचल. डोळ्यांचं मला काय? ते कधी नव्हतेच. पण बोटं..."

"मग?"

"सरांनी दुसरी प्रत काढून आत ठेवली. पंधरवड्याने बोटं परत आली. सरांनी दार ओढलं ते ओढलं."

"आप्पा, तुम्हाला शुगर आहे. शुगरने बोटं बधिर होतात. डॉक्टरला दाखवलं होतं?"

"तेव्हा शुगर नव्हती."

"तपासली होती?"

आप्पा ओशाळून हसले. "नव्हती तपासली."

"बघा! एक वर्ष, एकदा, एका माणसाची बोटं. त्याच्यावर तुम्ही एवढं मोठं दार बांधलंत."

बोलताना आवाज ठणठणीत होता. पण घरी जाताना रिक्षात तिने स्वतःच्या ओढणीचा काठ चिमटीत धरला होता आणि त्याचा धागा न् धागा लागतोय ना हे सारखं पाहत होती.

४

जानेवारीत मशीन बंद पडलं. बारावीच्या इतिहासाची पहिली प्रत निघाली होती, आप्पांनी तपासली होती, चंचलने आत नेऊन ठेवली होती. दुसरी प्रत सुरू झाली आणि ठिपके उठवणारी सुयांची पट्टी कडाडकन तुटली.

मेकॅनिक फोनवर म्हणाला, "बेन, पार्ट आवतां वार लागशे. महिनो तो पाको."

महिन्याने तर बोर्डाची परीक्षाच सुरू होणार होती. आणि इतिहासाचं पुस्तक एकाच मुलीसाठी होतं, प्रियांकासाठी.

प्रियांकाचे वडील विठ्ठल प्लॅस्टरच्या कामावर जायचे. माणूस वाईट नव्हता, थकलेला होता. या वर्षी पोरगी पास झाली तर कॉलेज, नाही तर यवतमाळकडे मामाच्या गावी पाठवून द्यायची, असं त्याने ठरवून टाकलं होतं. प्रियांका एकदा चंचलला म्हणाली होती, "मामाच्या घरी मले एक खाट हाय, ताई. तिच्यावरच बसाचं. दिवसभर." मोबाईलवर ऐकून तिचा अभ्यास होत नसे. पर्वत पाटियाजवळच्या त्यांच्या खोलीला लागूनच कापड विणणाऱ्या लूमचा कारखाना होता. त्या खडखडाटात कानाशी धरलेलं घड्याळही ऐकू आलं नसतं. तिचा अभ्यास बोटांनीच व्हायचा. पहिल्या भागातले धडे शाळेतल्या बाईंनी तिच्याकडून घोकून घेतले होते. पुढचं सगळं बाकी होतं.

"मग आतली प्रत देऊ," चंचल म्हणाली.

काका हिशेबाच्या कपाटाशी उभे होते, ते वळलेसुद्धा नाहीत. "पहिली प्रत कुणाची नसते."

"काका, जगात या पुस्तकाची एकच प्रत आहे आणि ती आपण अंधारात ठेवलीय. पोरीचं वर्ष जाईल. वर्ष नाही, सगळंच जाईल."

"त्या प्रतीत चुका असतात."

"आप्पांनी टोच्याने काढल्यात. मी समोर होते."

"चंचल," आप्पा म्हणाले. त्यांनी दोन्ही हात मांडीखाली घेतले होते, थंडी वाजल्यासारखे. "माझी विनंती आहे."

तिला त्यांची दया आली आणि त्या दयेचाच राग आला. "तुमची बोटं जाऊ नयेत म्हणून तिची बोटं रिकामी ठेवायची?"

"तोंड सांभाळ!" काका आता वळले. "तुझ्या बापाच्या वयाची माणसं आहोत आम्ही. बड्या सरांनी घालून दिलेलं आहे ते. आम्ही कधी विचारलं नाही."

"तेच तर," चंचल म्हणाली. "तुम्ही कधी विचारलंच नाही."

५

आठवड्यातून एक दिवस ती मिल बंद असायची. त्या दिवशी छापखान्यालाही सुट्टी. चंचलकडे जिन्याची किल्ली होती. बापाला सांगून, कापडी पिशवी घेऊन, भर दुपारी ती आली.

मिल बंद असली की तो मजला ओळखू येत नसे. फरशी थरथरत नव्हती. नळ गळतोय हे तिला पहिल्यांदाच कळलं. आपल्याच चपलांचा आवाज नको वाटून तिने त्या दाराशी काढल्या. आणि मग तिला दुसरा आवाज ऐकू आला.

अगदी बारीक. सर्र... थोडं थांबून, सर्र. तांदूळ निवडताना बोट ताटावरून फिरावं तसा.

रोज आप्पांच्या समोर बसणाऱ्या तिला तो आवाज ओळखायला वेळ लागला नाही. ओळ संपते तेव्हा एक क्षण थांबतो. डावा हात पुढची ओळ शोधतो. मग परत सुरू.

उंदीर, तिने मनाशी म्हटलं. कागद कुरतडतोय. उंदीर ओळीच्या शेवटी थांबत नाही, असं मनाने उलट उत्तर दिलं. तिने मनाला गप्प बसवलं आणि दार ढकललं.

आवाज थांबला नाही.

मोबाईलची बॅटरी लावून तिने तो मांडणीवर आडवा ठेवला, दोन्ही हात मोकळे हवे होते. उजेडाचा पट्टा टेबलावर तिरपा पडला. इतिहासाचे भाग तिने स्वतः मांडणीत एकत्र उभे केले होते. आता पहिला भाग एकटाच खालच्या फळीवर होता. तिने तो चाचपला. शेवटच्या पानापर्यंत गुळगुळीत. दुसरा भाग टेबलावर उघडा होता, सुरुवातीच्याच पानांवर.

उघड्या पानावर ठिपक्यांच्या सावल्या होत्या, रांगोळीच्या ठिपक्यांसारख्या नेटक्या. चंचल पाहत राहिली. एका ओळीच्या सुरुवातीची सावली विझली. तिच्या शेजारची विझली. मग तिच्या पुढची. डावीकडून उजवीकडे, शब्द संपला की किंचित रेंगाळत, एकेक सावली कागदात बुडत गेली. ओळ संपली. क्षणभर काही नाही. मग खालच्या ओळीची पहिली सावली गेली.

बॅटरी उतरली असेल. डोळ्यांवर झापड आली असेल. सकाळपासून नीट जेवलेलं नाही. तिच्याकडे कारणं भरपूर होती, आणि एकही कारण ओळीने वाचत नव्हतं.

पाय पळायला निघाले होते. पण टेबलावरच्या पुस्तकाची पानं किती उरली आहेत, हेही तिला दिसत होतं, आणि ती मिनिटामिनिटाला कमी होत होती. मामाच्या घरची ती खाट तिच्या डोळ्यांसमोर आली. भीतीपेक्षा संताप मोठा झाला, तशी ती पुढे झाली आणि त्या ओळीच्या पुढ्यात, अजून ठिपके शाबूत होते तिथे, तिने आपलं बोट ठेवलं.

आवाज आला, जवळ आला, आणि थांबला.

तिच्या नखाला लागून काहीतरी ऊबदार होतं. दिसत काही नव्हतं. टेबल, पुस्तक, तिचा स्वतःचा हात, बस. पण एकाच पुस्तकावर दोघं वाचत असले की बोटाला बोट लागतं, ती ऊब ती ओळखत होती. आप्पांबरोबर हजारदा लागली होती. ते ढकलत नव्हतं. थांबलं होतं, तिचं वाचून व्हायची वाट पाहत असल्यासारखं.

तरी चंचल बोलली, कारण गप्प राहणं तिला कधीच जमलं नव्हतं.

"हे प्रियांकाचं पुस्तक आहे. तिची परीक्षा आहे. तुम्ही थांबू शकता, तिला थांबता येणार नाही."

खोलीत काही हललं नाही. खाली रस्त्यावर कुणीतरी स्कूटरला किक मारली, एकदा, दोनदा. मग तिच्या नखाजवळची ऊब सरकली. पानाच्या कडेपर्यंत गेली, आणि तिथून नाहीशी झाली.

तिने पुस्तक मिटलं. ते आणि उरलेले भाग पिशवीत भरले. पिशवी जड होती, पण जितकी असायला हवी तितकीच. बाहेर पडताना सवयीने हात दाराच्या कडीकडे गेला. कडी बोटांत आल्यावर तिच्या लक्षात आलं की ही कडी बाहेरून आहे. आत कडीच नाही, आतून उघडायची सोयच नाही.

तिने दार तसंच उघडं ठेवलं. मागून काहीही आलं नाही.

६

"काहून एवढं ओझं आणलं ताई? मले बोलावलं असतं ना," विठ्ठलने पिशवी घेतली. कामाला खाडा करून तो घरीच होता. सिमेंटने चिरलेल्या हातांना तेल चोळत बसला होता. भिंतीपलीकडे लूम खडखडत होते.

प्रियांका भुईवर मांडी घालून बसली. दुसरा भाग तिने मांडीवर घेतला, पहिलं पान उघडलं आणि दोन्ही हात त्यावर ठेवले. बोट सरकलं. परत मागे आलं. परत सरकलं.

"ताई," ती म्हणाली. "मले काहीच समजून नाही राहिलं."

"काय?"

"बोटाले काही लागूनच नाही राहिलं."

ती आंधळ्या बोटांची गोष्ट, जिला चंचलने शुगर म्हणून उडवून लावलं होतं, आता या पोरीच्या मांडीवर येऊन बसली होती. आणि ती कुणी आणली होती पिशवीत घालून? चंचलनेच.

"थांब. हात काढ. काढ हात!" चंचल ओरडली. लूमच्या आवाजातही विठ्ठल दचकला.

"काय झालं जी?"

चंचलने प्रियांकाचे हात ओढून आपल्या हातांत घेतले. "हे लागतंय? माझी अंगठी लागतेय?"

"लागते ना."

"आणि हे?" तिने विठ्ठलच्या पुढ्यातला गरम चहाचा कप पुढे केला.

"भाजलं ना ताई!" प्रियांकाने हात झटकला. "काय करून राहिल्या तुम्ही? बोटं ठीक हायत माही. या पानावरच काही नाही. कोणी तरी घासून घासून वाचलं हाय वाटते." तिने पानं उलटली, एक, आणखी एक, आणखी एक. मग तिचं बोट अडखळलं, आणि चालू लागलं. "हां. अठून लागते. मस्त लागते, नवं कोरं. 'सत्याग्रहाची... सुरुवात...' ताई, काय झालं? बोला ना काही."

चंचल भिंतीला टेकली होती. तिला हसू येत होतं आणि डोळ्यांतून पाणी येत होतं, आणि दोन्ही एकदम आल्यामुळे ठसका लागला होता. विठ्ठलने तांब्या पुढे केला. ती घटाघटा पाणी प्यायली. प्रियांकाचे ओठ हलत होते. लूमच्या त्या गदारोळात तिला कुणाचंही काही ऐकू येत नव्हतं, यायची गरजही नव्हती. ओळ संपली, डावा हात खाली उतरला, उजवा त्याच्या मागे.

"पोट्टी आता जेवाले नाही उठत," विठ्ठल म्हणाला. पण हसून म्हणाला.

मिटलेली ती तीन-चार पानं चंचलने सोबत आणलेल्या छापील मूळ पुस्तकातून मोठ्याने, ओरडून ओरडून वाचून दाखवली. घसा बसला. संध्याकाळी घरी जाताना तिने रिक्षात ओढणीचा काठ चाचपला नाही.

७

दुसऱ्या दिवशी ती वर आली तेव्हा तिघंही तिची वाट पाहत होते. खाली बॉयलर सुरू होता, फरशी थरथरत होती. मागच्या खोलीचं दार उघडं होतं. ते लावायला कुणी गेलं नव्हतं. तिघांच्याही खुर्च्या त्या दारापासून जितक्या दूर जातील तितक्या दूर होत्या.

"पुस्तक कुठे आहे?" काका म्हणाले.

"जिचं आहे तिच्याकडे."

"आजच्या आज परत आण."

"परीक्षा झाल्याशिवाय नाही."

"व माय, आते तरी ऐक," पुष्पाबाईंच्या हातात खरंच नारळ होता. "हाऊ नारय ठेव, हात जोड, दार लावी दे. आमना जीव नही ऱ्हायना."

आप्पांचे हात शालीच्या आत होते. समोर ठेवलेला चहा गार होऊन त्यावर साय धरली होती.

"आप्पा, चहा नाही घेतलात?"

"नको."

"सकाळपासून कशाला हात लावलाय?"

आप्पांनी हात शालीत आणखी आत ओढले. काका म्हणाले, "घरून हात धरून आणलंय त्यांना. काठीसुद्धा धरत नाहीत. पाहिलंस काय केलंस ते?"

"त्यांनी बोटं टेकवून पाहिली का?"

"पाहायची हिंमत तर हवी ना!" काकांचा आवाज चिरकला, आणि चंचलला एकदम कळलं की ते रागावलेले नाहीत. घाबरलेले आहेत. आप्पांसाठी घाबरलेले आहेत, इतकी वर्षं.

ती आप्पांच्या समोर गुडघ्यांवर बसली. तुटण्याआधी मशीनने दुसऱ्या प्रतीचं जेवढं पान काढलं होतं, ते टेबलावर पडलं होतं. तिने ते त्यांच्या मांडीवर ठेवलं.

"वाचा आप्पा."

"नको, चंचल."

"मी समोर आहे. रोज असते तशी."

शालीतून हात यायला फार वेळ लागला. बोट कागदावर टेकलं आणि तसंच राहिलं. पुष्पाबाईंनी तोंडाला पदर लावला. चंचल काहीही बोलली असली तरी आतून तिलाही खात्री नव्हती.

बोट सरकलं.

"'प्रकरण... पहिले,'" आप्पा म्हणाले. त्यांचा आवाज लहान मुलासारखा कापत होता. "'युरोपातील... प्रबोधन...'" मग ते थांबले, आणि नाकपुड्या फुगवून, अगदी नेहमीच्या चालीत म्हणाले, "इथे पूर्णविराम अजूनही राहिलेला आहे."

पुष्पाबाई रडायलाच लागल्या. काका खुर्चीत मागे टेकले. त्यांचा चष्मा घसरला तो त्यांनी वर केला नाही. आप्पा ओळीमागून ओळ वाचत सुटले, पान संपलं तरी बोट रिकाम्या समासात फिरत राहिलं. थोडा वेळ त्या मजल्यावर लग्नघरासारखी हलकी हवा होती. पुष्पाबाईंनी चहा गरम केला, आप्पांनी कप स्वतःच्या हाताने उचलला.

चहा संपल्यावर काका उठले. "बरं. देवाची कृपा. झालं ते झालं. आता ते दार ओढून घे."

"नाही," चंचल म्हणाली.

"चंचल..."

"नाही ओढणार. आत कोण आहे ते मला माहीत नाही आणि मी सांगत बसणार नाही. पण मी सांगितल्यावर ते बाजूला झालं, काका. एका वाक्यात झालं. तुम्ही इतकी वर्षं त्याला पुस्तकं देत होतात की कोंडत होतात? दाराला आत कडीसुद्धा नाही. यापुढे पहिली प्रत ज्याला आधी लागेल त्याला मिळेल. आतल्याला हवी असेल तर आणखी एक प्रत काढू, पण त्याने बाहेर येऊन टेबलावर बसून वाचावी, सगळ्यांसारखी. मी कुणाच्याही तोंडावर दार लावणार नाही. तुम्हाला लावायचं असेल तर उठा, दारात उभे राहा, आत तोंड करून सांगा की आम्ही लावतोय, आणि का लावतोय."

काकांनी पुष्पाबाईंकडे पाहिलं. पुष्पाबाईंनी हातातल्या नारळाकडे. आप्पांचा चेहरा उघड्या दाराच्या बाजूला वळला होता, कान देऊन.

कुणी उठलं नाही. दार उघडंच राहिलं.